मेंदूचा कॅन्सर आणि क्लिनिकल ट्रायल : देवगडहून मुंबईला जाऊन राहावं का?

कातळसडा | २७ मे, २१:४०

थेट प्रश्नावर येते. माझ्या मोठ्या भावाला, वय ४६, ग्लिओब्लास्टोमा निघाला आहे. एप्रिलच्या धामधुमीत हापूसच्या पेट्या मोजताना त्याचे आकडे पुढेमागे व्हायला लागले, मग एके रात्री फिट आली. मुंबईत ऑपरेशन झालं, गाठ बरीचशी निघाली, टाके काढून तो देवगडला घरी आलाय. रिपोर्टमध्ये ग्रेड ४, आयडीएच वाइल्डटाइप, एमजीएमटी अनमिथिलेटेड (शेवटच्या दोन म्हणजे गाठीच्या जनुकीय तपासण्या) असं लिहिलंय. पुढे सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या. इथवर आम्हाला समजलं.

आता डॉक्टर म्हणतात, आमच्याकडे एक ट्रायल चालू आहे, हा त्यात बसेल असं वाटतंय, कागद वाचून या. कागद मराठीत आहेत, पण वाचून डोकं गरगरतं. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि वर एक नवीन औषध. कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार.

घरात दोन तट पडलेत. वहिनी म्हणते, मिळतंय ते सगळं करू. काका म्हणतात, आपल्या माणसावर प्रयोग करू द्यायचे नाहीत, कोल्हापूरला रेडिएशन होतं, घाट चढला की झालं. ट्रायल घेतली तर मात्र मुंबईतच राहावं लागेल. आई म्हणते, देवाला कौल लावूया.

ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. ट्रायलमुळे नेहमीचे उपचार मागे पडतात का? खर्च कोण करतं? आणि अशी ही एकच ट्रायल आहे की अजून असतील, त्या शोधायच्या कशा? जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तर द्यायचंय.

सुरंगी | २७ मे, २२:०५

ताई, वाचून फार वाईट वाटलं. माहिती नाही माझ्याकडे, पण धागा वर राहू दे म्हणून लिहितेय. इथे जाणकार आहेत, येतील.

रापण | २७ मे, २२:५१

मी काकांच्या बाजूचा. ट्रायलच्या नावाखाली या देशात काय काय झालंय ते विसरू नका. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सुप्रीम कोर्टात याचिका केली ती उगाच नाही. लोकांना आपण ट्रायलमध्ये आहोत हेच ठाऊक नव्हतं. माणसं गेली आणि घरच्यांना दमडी मिळाली नाही.

माझ्या आतेभावाच्या बाबतीत एका मोठ्या रुग्णालयात (नाव लिहीत नाही) नर्सने कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि खुणा केल्या तिथे सह्या करा म्हणाली. त्यात संशोधनाची संमती होती हे आम्हाला महिन्याने कळलं. शिकलेली माणसं होतो आम्ही. तेव्हा सही करण्याआधी शंभर वेळा विचार करा.

अभ्रक | २८ मे, ००:३०

मी मुंबईत ट्रायल को-ऑर्डिनेटर म्हणून काम करते. मूळची वेंगुर्ल्याची. रापण यांनी लिहिलंय ते खोटं नाही, आणि त्यांच्या आतेभावाशी जे झालं ते नियमाविरुद्ध होतं, आजही आहे. पण त्या याचिकेमुळेच पुढे बरंच बदललं. 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम' २०१९ साली आले, आज सगळं त्याप्रमाणे चालतं.

कातळसडा, तुमच्यासाठी कामाचं तेवढं सांगते.

मेंदूच्या कॅन्सरमध्ये साखरेची गोळी देऊन माणसाला नुसतं सोडून देत नाहीत. तुमच्या कागदात आहे तेच बहुतेक ठिकाणी असतं: रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड दोन्ही गटांना मिळतं, फरक फक्त वर काय जोडलं जातं त्यात. कधी दुसऱ्या गटाला जोडीला खोटी गोळी देतात, म्हणजे कोण कुठल्या गटात हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू नये. तसं असेल तर कागदात स्पष्ट लिहिलेलं असतं.

टप्पा कितवा ते बघा. पहिल्या टप्प्यात औषधाचा डोस किती सोसतो एवढंच प्रामुख्याने पाहतात. दुसऱ्यात काही परिणाम दिसतो का. तिसऱ्यात नेहमीच्या उपचारांशी तुलना. चिठ्ठी पडल्यासारखे दोन गट आहेत म्हणजे तुमची बहुधा तिसऱ्या टप्प्यातली, किंवा दुसऱ्यातली मोठी.

ट्रायलमुळे इजा झाली तर त्यावरचे उपचार मोफत करावे लागतात, आणि इजेचा संबंध ट्रायलशी आहे असं ठरलं तर भरपाई द्यावी लागते. नेहमीचे उपचार उपलब्ध असताना ते न दिल्यामुळे नुकसान झालं, तर तेही या भरपाईत धरलंय. भाऊ कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतो, आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. कागदात एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलला मंजुरी देऊन तिच्यावर नजर ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो. त्या कमिटीत निम्मे लोक तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात, एक वकील किंवा कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही. तो नंबर शोभेचा नाही. काही खटकलं तर फोन करा.

आणि कृपया कागद घरी आणून वाचलेत तसंच पुढेही करा. कुणी "इथेच सही करा" म्हणालं तर उठून या.

रापण | २८ मे, ०७:१२

अभ्रक ताई, उत्तर पटलं, सगळं नाही. नियम कागदावर असतात, देवगडचा माणूस परळला गेला की त्याच्या हातात काही राहत नाही. एक विचारतो. जाण्यायेण्याचे पैसे, मुंबईत राहण्याचे पैसे कोण देतं? औषध फुकट दिलं आणि खोलीचं भाडं आमच्या बोडक्यावर, तर ते फुकट कसलं?

अभ्रक | २८ मे, ०९:४०

अगदी बरोबर प्रश्न. औषध कंपनीच्या ट्रायलमध्ये नवीन औषध आणि ट्रायलसाठी लागणाऱ्या जादा तपासण्या फुकट असतात, प्रवासाचे पैसेही बहुतेक मिळतात. रुग्णालयाने स्वतः काढलेल्या ट्रायलमध्ये एवढा पैसा नसतो. नेहमीच्या उपचारांचा खर्च बऱ्याचदा रुग्णाकडेच राहतो, तो महात्मा फुले योजनेत बसतो का ते वेगळं विचारावं लागतं. म्हणून एकच वाक्य विचारा: "कशाकशाचे पैसे आम्ही भरायचे, ते लिहून द्या." खोलीचं भाडं सहसा कुणी देत नाही. तेवढं तुमचं म्हणणं खरं आहे.

घाटपायथा | २८ मे, ११:२६

माझ्या आयेच्या वेळेक आमी कौल लावलो होतो. देवान उजवो दिल्यान. पण गुरवान आधी इचारल्यान, "डागदर काय म्हणता ता सांगा, मगे देवाक इचारतंय." ता माका लय आवडला. आवशीचा मन राखूक कौल लावा, पण त्याच्या आदी डागदराक सगळा इचारून घेवा. आवशीक बरां वाटला तर घरातला भांडान अर्धा मिटता.

सुरंगी | २८ मे, ११:५८

घाटपायथा +१. आईला वगळून घेतलेला निर्णय पुढे सहा महिने घरात धुमसत राहतो.

गावखडी | २८ मे, २३:१५

हे लिहायला मला वेळ लागला.

बाबांना हाच आजार होता. वय ६१. आम्ही ट्रायल घेतली. चिठ्ठीत त्यांना नेहमीच्या उपचारांचा गट आला, म्हणजे नवीन औषध मिळालंच नाही. त्या संध्याकाळी मी रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडले, कारण मी मनात धरून चालले होते की आपल्याला नवीन तेच मिळणार. कातळसडा, हे आधीच मनाशी नीट बसवून घ्या. नवीन औषध मिळण्याची शक्यता निम्मी, आणि मिळालं तरी ते जुन्यापेक्षा चांगलं आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती?

तरीही आम्हाला काय मिळालं ते सांगते. एमआरआय ठरल्या तारखेला व्हायचाच. रक्ताचे रिपोर्ट कुणीतरी त्याच दिवशी बघायचं. प्लेटलेट खाली आल्या तेव्हा मला को-ऑर्डिनेटरचा फोन आला, आज गोळी देऊ नका म्हणून. एरवी आम्ही राजापुरात बसून कुणाला विचारलं असतं?

आणि काय सोसलं तेही सांगते. बाबा डेक्सामेथासोनवर होते, मेंदूची सूज कमी करणारं स्टेरॉइड. त्या औषधाने भूक अशी लागते की रात्री तीनला उठून ते पेज मागायचे. झोप नाही, चिडचिड, मांड्यांतली ताकद गेली. गाडीच्या पायऱ्या चढवताना आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी धरायचो आणि मागून एक हमाल ढकलायचा. ट्रायलच्या प्रत्येक भेटीला हे असं. शेवटच्या काही भेटी नुसत्या रक्तासाठी आणि फॉर्म भरण्यासाठी होत्या. त्या रत्नागिरीला झाल्या असत्या. मी विचारलंच नाही, आणि कुणी सुचवलंही नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा की यातलं काय जवळ करता येईल. काही ट्रायलमध्ये रक्त स्थानिक लॅबमध्ये चालतं, काहींत नाही.

बाबा गेले. ट्रायल घेतल्याचं मला वाईट वाटत नाही.

एक विचारू? तुमच्या पोस्टमध्ये वहिनी आहे, काका आहेत, आई आहे. भावाला काय वाटतं ते कुठेच दिसलं नाही.

कातळसडा | २८ मे, २३:५०

गावखडी, काय लिहू. धन्यवाद. शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. त्याचे शब्द अडकतात म्हणून आम्हीच सगळं बोलतोय. उद्या सावकाश लिहिते.

पाणंद | २९ मे, ०८:०३

मध्येच घुसतोय. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि द्राक्षाच्या बियांचा अर्क दिला तर मेंदूची गाठ विरघळते असं टाटाने सिद्ध केलंय, पेपरात आलं होतं. माझ्याकडे मेसेज आहे. ट्रायल करण्यापेक्षा हे घरी करून बघा, तोटा तर नाही.

अभ्रक | २९ मे, ०९:२२

पाणंद, तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून नीट सांगते. ते संशोधन खरं आहे, टाटा मेमोरियलच्या लोकांचंच. १० रुग्णांना ऑपरेशनआधी थोडे दिवस रेझवेराट्रॉल (द्राक्षात सापडणारा एक घटक) आणि तांबं यांच्या गोळ्या दिल्या, १० जणांना दिल्या नाहीत. मग काढलेल्या गाठीच्या तुकड्यांत काय फरक दिसतो ते तपासलं. फरक दिसला. पण रुग्ण त्यामुळे जास्त जगले का, हे त्या अभ्यासाने पाहिलेलं नाही. गाठ विरघळल्याचं त्यात कुठेही नाही. त्याचा पुढचा टप्पा म्हणजेच ट्रायल, मोठी, नीट आखलेली. तांब्याचा पेला भरून ठेवणं हा त्याला पर्याय नाही.

तोटा नाही असंही नाही. टेमोझोलोमाइड चालू असताना प्लेटलेट आणि लिव्हर आधीच ताणावर असतात. काढे, भस्मं, कसलीही पूड चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. ट्रायलमध्ये तर त्याची नोंद करावीच लागते.

पाणंद | २९ मे, ०९:४५

ठीक. मेसेज पुढे पाठवत नाही यापुढे.

निवळी | २९ मे, २२:४०

रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे, वर्षानुवर्षं कोकणातले रुग्ण बघतोय. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे घ्या की नको घेऊ हे सांगणार नाही. पण या आजारात ट्रायलचा विचार एवढा लवकर का करावा लागतो ते सांगतो.

आज तुम्हाला जे 'नेहमीचे उपचार' म्हणून सांगितलेत, ते स्वतः एका ट्रायलमधून आलेत. २००५ साली युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड. (पुढचे आकडे वाचायचे नसतील तर हा परिच्छेद सोडून द्या.) मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. दोन वर्षांनंतर हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. ५७३ माणसांनी चिठ्ठी स्वीकारली म्हणून आज देवगडच्या माणसालाही ती गोळी मिळते.

त्याच रुग्णांच्या गाठी तपासल्यावर कळलं की एमजीएमटी मिथिलेटेड असेल तर गोळीचा फायदा मोठा, अनमिथिलेटेड असेल तर बराच कमी. तुमच्या भावाचा रिपोर्ट अनमिथिलेटेड आहे. बऱ्याच ट्रायल नेमक्या याच गटासाठी असतात, कारण इथे नवीन काही सापडण्याची गरज जास्त.

उलट उदाहरणही देतो. बेव्हॅसिझुमॅब नावाचं इंजेक्शन आलं तेव्हा एमआरआय इतके सुंदर दिसायला लागले की आम्हा सगळ्यांना वाटलं, हेच ते. २०१४ साली दोन मोठ्या ट्रायलचे निकाल आले. सुरुवातीपासून देऊनही आयुष्य वाढलं नव्हतं. सूज कमी करायला ते आजही उपयोगी आहे. पण ट्रायल झाल्या नसत्या तर लोकांनी जमिनी विकून ते पहिल्या दिवसापासून घेतलं असतं.

आता तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी. ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हायला हवं, आणि नव्याने निदान झालेल्यांच्या ट्रायल त्याच खिडकीत रुग्ण घेतात. एकदा दुसरीकडे रेडिएशन सुरू केलं की त्या ट्रायलचं दार बंद. गाठ परत आली तर त्या वेळच्या ट्रायल वेगळ्या, आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रायलना आधी बेव्हॅसिझुमॅब घेतलेला रुग्ण चालत नाही. म्हणून प्रत्येक वळणावर, पुढचा उपचार सुरू करायच्या आधी, ट्रायलचं विचारा. विचारलं म्हणजे बांधले गेलात असं नाही.

दुसरं, गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा. नुसत्या स्लाइड नव्हे, ब्लॉक. तो कुठे आहे ते आजच विचारून ठेवा आणि हरवू देऊ नका. पुढच्या कुठल्याही जनुकीय तपासणीला आणि ट्रायलला तोच लागतो. रुग्णालय बदललं की ब्लॉक मागे राहतो आणि मग चार महिन्यांनी शोधाशोध सुरू होते.

तिसरं, रुग्ण स्वतःचं किती करू शकतो याला कार्नोफ्स्की स्कोअर म्हणतात, बऱ्याच ट्रायलना तो ७० किंवा जास्त लागतो. म्हणजे स्वतःची अंघोळ, जेवण, कपडे स्वतः. फिटची गोळी चुकवू नका, फिजिओथेरपी सोडू नका.

रापण | २९ मे, २३:२०

डॉक्टर, जमिनी विकायचं लिहिलंत ते अगदी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या वाडीत एकाने कलमांची बाग गहाण टाकून कुठल्याशा क्लिनिकमध्ये स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली. त्यांनीही 'ट्रायल' असाच शब्द वापरला होता.

निवळी | ३० मे, ०६:५०

औषधासाठी लाखो रुपये मागतात ती ट्रायल नव्हे. सीटीआरआय नंबर विचारा. देऊ शकले नाहीत की निघून या.

बोंडू | ३० मे, १४:१०

सीटीआरआय म्हणजे काय ते कुणी सोप्या भाषेत सांगेल का? माझ्या चिपळूणच्या भाच्यासाठी विचारतेय. वय ७, मेड्युलोब्लास्टोमा (हाही मेंदूचाच कॅन्सर), मागच्या वर्षी ऑपरेशन आणि रेडिएशन झालं, आता बरा आहे, शाळेत जातो. पुन्हा काही झालं तर आपल्याला माहिती असावी म्हणून.

अभ्रक | ३० मे, २१:३३

बोंडू, भाचा शाळेत जातो हे वाचून छान वाटलं.

सीटीआरआय म्हणजे भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही. २००७ साली सुरू झाली, जून २००९ पासून ट्रायलची नोंद तिथे सक्तीची. कुणालाही फुकट बघता येते, लॉगिन लागत नाही. शोधताना आजाराचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाका: ग्लिओमा, ग्लिओब्लास्टोमा, मेड्युलोब्लास्टोमा, एपेन्डायमोमा. नुसतं ब्रेन ट्यूमर टाकलंत तर निम्म्या ट्रायल निसटतात. प्रत्येक नोंदीत कोण बसतं, कोण बसत नाही, कुठल्या रुग्णालयात चालू आहे, संपर्क कोणाचा, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, हे सगळं असतं. भरती चालू आहे की संपली तेही लिहिलेलं असतं, पण ती माहिती कधी जुनी असते. फोन करूनच खात्री करा.

अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवहीही बघा, तिथे देश 'इंडिया' निवडता येतो. परदेशातल्या ट्रायलच्या मागे लागू नका असं माझं मत. दर थोड्या दिवसांनी तिथे हजर राहावं लागतं.

तिठा | ३० मे, २२:०८

अभ्रक यांच्याशी थोडा असहमत. परदेशातल्या ट्रायलमध्ये जायचं नसलं तरी त्या वाचाव्यात. माझ्या मैत्रिणीला ग्रेड २ ची, आयडीएच म्युटेशन असलेली गाठ आहे. व्होरासिडेनिब या गोळीच्या ट्रायलचा निकाल २०२३ साली आला, तो वाचूनच तिने डॉक्टरांना विचारलं. ३३१ रुग्ण होते, गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला. २०२४ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. माहिती असली तर प्रश्न तरी विचारता येतो.

अभ्रक | ३० मे, २२:३०

तिठा, मान्य. वाचायला हरकत नाहीच. पण कातळसडांच्या भावाची गाठ आयडीएच वाइल्डटाइप आहे, त्याला ही गोळी लागू नाही. कुणी उद्या त्यांना ती सुचवू नये म्हणून लिहिलं.

निवळी | ३१ मे, ०७:१५

बोंडूंच्या निमित्ताने एक सांगायचं राहिलं होतं. ट्रायल म्हणजे नवं औषधच असं नाही. टाटा मेमोरियलमध्ये २००१ ते २०१२ या काळात २०० मुलं आणि तरुण घेऊन एक ट्रायल झाली. मेंदूच्या सौम्य आणि कमी ग्रेडच्या गाठींसाठी रेडिएशन नेहमीच्या पद्धतीने द्यायचं की गाठीपुरतं नेमकं, एवढाच प्रश्न. पाच वर्षं पाठपुरावा केल्यावर नेमक्या पद्धतीतल्या मुलांची बुद्धी आणि हार्मोन जास्त चांगले टिकल्याचं दिसलं. २०१७ साली प्रसिद्ध झाली. आपल्याच गावांमधली पोरं असतील त्यात. आज खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच केंद्रात, प्रोटॉन रेडिएशनची सोय झाली आहे, ती त्याच विचाराची पुढची पायरी.

सुरंगी | ३१ मे, १०:४४

डॉक्टर, ही माहिती कुठेच वाचली नव्हती. दहा वर्षं लागली एका प्रश्नाला! असं काम करणाऱ्यांना आणि त्या २०० घरांना नमस्कार.

मांडवीतला | ३१ मे, १३:२०

रापणच्या भाड्याच्या प्रश्नावर अभ्रक यांच्यानंतर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट घ्यायचं. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडे गर्दी असते, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी घेऊन जा आणि रेडिएशनची तारीख मिळाली की लगेच नाव घाला. सहा आठवडे म्हणजे मोठा काळ.

देवगडवाल्यांना कणकवली गाठावी लागते, जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू धावतात. अपॉइंटमेंट सकाळची असेल तर आदल्या दिवशीच पोचा. हायवेने जायचा विचार करू नका, फिट येणाऱ्या माणसाला त्या खड्ड्यांतून नेऊ नका.

घाटपायथा | ३१ मे, १३:५५

खड्ड्यांचो इषय काढू नको रे बाबा, ह्यो धागो दोनशे प्रतिसादांवर जायत.

कातळसडा | २ जून, २०:३०

गावखडींच्या प्रश्नाने घरातलं चित्र बदललं.

भाऊ सकाळी चांगला असतो. वहिनीने त्याला खळ्यात खुर्ची टाकून दिली आणि आम्ही छोट्या छोट्या वाक्यांत सांगितलं. एक वाक्य, मग थांबायचं. त्याला सगळं समजत होतं, फक्त बोलायला वेळ लागत होता. तो म्हणाला, "काका घाबरलेत. मी नाही." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मुंबईला जाऊ. पण गणपतीला मी घरी पाहिजे. आरती मी करणार." आणि एक विचारलं, जे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं: नवीन औषधाने बोलणं अजून जाईल का? असेल तर नको.

आईने कौल लावला. उजवा आला. तिने डोळे पुसले आणि पेटीतून त्याचे स्वेटर काढायला लागली, मुंबईत एसी असतो म्हणून.

काका अजून नाराज आहेत, पण त्यांनीच सीटीआरआयवर नंबर शोधून खात्री केली. गणपतीचं कसं करायचं? ट्रायलच्या तारखा मधे आल्या तर सोडायला सांगतील का?

रापण | २ जून, २१:०२

काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नंबर तपासला, हेच हवं होतं. आणि भावाने बोलण्याचं विचारलं तो या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर डॉक्टरांकडून त्याच्या तोंडासमोर घ्या, तुमच्याशी बाजूला बोलून नको.

अभ्रक | २ जून, २१:४८

रापण यांच्याशी पूर्ण सहमत. भाऊ समजू शकतो, म्हणजे संमती त्याचीच. वाचायला त्रास होत असेल तर त्या टीमशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून पूर्ण वाचून दाखवावं लागतं. वाचेवर, स्मरणशक्तीवर काय परिणाम दिसलेत ते माहितीपत्रकात दुष्परिणामांच्या भागात असेल. पेन्सिलीने खूण करून न्या.

गणपतीचं अवघड नाही. प्रत्येक भेटीला आगेमागे काही दिवसांची मुभा असते, तिला आम्ही व्हिजिट विंडो म्हणतो. सही करायच्या आधी सगळ्या भेटींचं कॅलेंडर मागा आणि चतुर्थीची तारीख त्यांना आधीच सांगा. रेडिएशन संपल्यावर साधारण चार आठवडे विश्रांती असते, मग एमआरआय आणि महिन्यातून पाच दिवस गोळ्या. गोळ्या घरी घेता येतात.

निवळी | ३ जून, ०६:४०

त्या एमआरआयबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. रेडिएशननंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, प्रत्यक्षात ती उपचारांचीच सूज असते. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण होतं. त्या एका रिपोर्टवर घाबरून ट्रायल सोडू नका किंवा दुसरं औषध सुरू करू नका. पुढचा स्कॅन होईपर्यंत डॉक्टर काय म्हणतात ते ऐका.

गावखडी | ३ जून, २२:१०

कातळसडा, रक्ताच्या तपासण्या जवळ करता येतील का ते विचारायला विसरू नका. आणि डेक्सामेथासोन सकाळी आणि दुपारपर्यंतच देता येईल का ते विचारा, बाबांना तसं दिल्यावर रात्रीची झोप थोडी सुधारली होती.

कातळसडा | ११ जून, १९:२५

आज सही झाली. भावाने स्वतः केली, वाकडी आली पण त्याची. डॉक्टरांनी बोलण्याच्या प्रश्नाला त्याच्याकडे बघून उत्तर दिलं: आतापर्यंतच्या रुग्णांत या औषधाने वाचा गेल्याचं दिसलेलं नाही, थकवा येतो, आणि तुला जाणवलं तर त्याच दिवशी थांबवू. रक्त आठवड्याला मुंबईतच, नंतरच्या गोळ्यांच्या काळात मात्र कणकवलीच्या लॅबमधलं चालेल असं लिहून दिलंय. ब्लॉक त्यांच्याकडेच आहे, नंबर मी वहीत उतरवला. कुठला गट ते परवा कळेल. दादरला जागा मिळाली.

चतुर्थीच्या आठवड्यात भेट नाही. को-ऑर्डिनेटरने कॅलेंडरवर लाल पेनने 'गणपती' असं मराठीत लिहिलं.

मांडवीतला | ११ जून, १९:५०

मग तिकिटाचं आत्ताच ठरवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. सवलतीचं सर्टिफिकेट जुलैच्या भेटीत मागून घ्या, ते खिडकीवर दाखवावं लागतं, आणि आरक्षण उघडतं त्या दिवशी खिडकीवर पहाटेच रांग लागते. रांगेत काकांना उभं करा. दादरहून बसायचं असेल तर कुठली गाडी तिथे थांबते ते आधी बघा, आणि खालचा बर्थ मागायला विसरू नका.